काळ्या कापडावर काळा दोरा

ता. ४ मार्च

ती. आजीस,
टाचणीचा सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर मी पुटपुटते अशी तुझी तक्रार, म्हणून हे पत्र. मी पुटपुटत नाही हं, पण ते असो.

आजी, मी मावशीचं शिवणाचं दुकान सोडते आहे. शेजारच्या शहरात शर्टांचा कारखाना आहे, त्यांनी एक तारखेपासून बोलावलंय. मावशीला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

खरं कारण असं की मावशीला दिसत नाही. सुईत दोरा मी ओवून देते म्हटलं तर झिडकारते आणि स्वतः हवेतच ओवत बसते. पांढऱ्यावर निळी टीप असली तर निभतं. पण सध्या आपल्या चर्चच्या गायनवृंदाचे झगे शिवायला आलेत. काळं कापड, काळा दोरा. परवा एका झग्याला तिनं दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. ती जेवायला वर गेली की मी खाली हळूच उसवते आणि नीट शिवून ठेवते. तिला यातलं काही माहीत नाही. पण गंमत बघ, मी सरळ केलेली किनार दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडी! जणू उंदीरच येऊन शिवून जातात. एकच झगा किती वेळा शिवायचा? मी थकले.

तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही. आई गेल्यावर तिनंच मला सांभाळलं. प्रीती पुष्कळ गोष्टींवर पांघरूण घालते असं आपण शिकलो ना? मग पांघरूण घालून निघून जावं, हेच बरं.

तुझा लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं, तो तसाच राहू दे.
तुझी,
टाचणी

*

ता. ६ मार्च

ती. आईस,
थोरलीचा सप्रेम सलाम. वि. वि.

मी बरी आहे. फक्त हल्लीचे दिवे कसले येतात देव जाणे. दुकानात तीन बल्ब बदलले, तरी उजेड म्हणून पडत नाही.

लिहिण्याचं कारण टाचणी. पोरीचं कामावरून लक्ष उडालंय. माझी टीप मला बोटाला कळते. गायनवृंदाच्या झग्याची किनार चाचपली तर ती माझ्या हातची नाही. हिनं कुठंतरी उसवून ठेवलं असणार आणि घाईघाईनं पुन्हा घातलं असणार. एका झग्याच्या तर बाह्याही बदलून ठेवल्या होत्या! मी पहाटे ती उठायच्या आत खाली जाते, सगळं उसवते आणि माझं मी परत शिवते. तिला एका शब्दानं बोलत नाही. आईविना पोर, दुखावेल. गिऱ्हाईक विचारतं की उशीर का, तर सांगते माझा हात दुखतो.

पण ती माझ्याशी धड बोलत नाही. माझं काय चुकलं तेच कळत नाही. तू तिला काही विचारू नकोस, तुला म्हणून लिहिलं.

तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझी,
थोरली

*

ता. १० मार्च

चि. टाचणीस,
आजीचा सलाम व अ. आ.

तुझं पत्र मिळालं. पहिली गोष्ट, उंदीर शिवत नाहीत. उंदीर कुरतडतात. शिवणारं कोण ते मला कळलंय, पण मी सांगणार नाही. तू लिहितेस मावशीला सांगू नकोस. आणखी एकीचंही तसंच पत्र आलंय. मी काय पोस्टाची पेटी आहे, जो येईल त्यानं टाकून जायला?

पांघरूण माणसाच्या चुकीवर घालावं बाई, मोतीबिंदूवर नाही. तो पांघरुणाखाली उबेला पिकतो. मी डॉक्टर नाही, पण तुझ्या पणजीला हेच झालं होतं, ती कोटाच्या खुंटीला सलाम करायची.

प्रभूनं सांगितलंय, भावाचं काही चुकत असेल तर त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याला सांग. आजीकडे जा, असं नाही म्हटलेलं. मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. आजीचा उल्लेख नाही.

तर आता ऐक. दुकानाचं दार लाव. मशीन बंद कर. हातात कात्री नको. उभ्यानं बोलू नकोस, उभं माणूस भांडायला आल्यासारखं दिसतं. आधी साखरपेरणी करून मग कडू डोस, असलंही नको. तुझ्या तोंडून गोड ऐकलं की ती विचारेल, काय हवंय ते बोल. सरळ सांग की मावशी, तुला दिसत नाही आणि मला तुझी काळजी वाटते. ती चिडेल. माझीच लेक आहे, मशीनचं झाकण आपटेल. त्या वेळी उठून जायचं नाही. सगळी मेख तिथंच आहे. खरं बोलून पळणारे पुष्कळ बघितले, खरं बोलून बसून राहणारं एखादंच असतं.

कारखान्यात जायचं तर खुशाल जा, पण सांगून जा. मुकाट्यानं गेलीस तर ती डोळ्यांनीही जाईल आणि मनानंही. आपल्याच मायेत काही उणं होतं म्हणत कुढत बसेल. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. तुझी जगली आहे. तिला अंधारात सोडू नकोस.

इकडे ठीक. रविवारी पाळकबुवांचा उपदेश संपता संपेना. हल्ली तेही पुटपुटतात. मी शेजारच्या नर्सबाईच्या कानात अगदी हळूच म्हटलं की मेंढरं फार लांब नेलीत, आता घरी आणा म्हणावं. आणि काय सांगू, त्याच क्षणी त्यांनी आमेन म्हटलं! देव ऐकतो. नर्सबाई मात्र गदगदा हलत होती, बिचारीला थंडी वाजली असावी.

लोभ आहेच. धीरही ठेव, तो मला पोस्टानं पाठवता येत नाही.
तुझी,
आजी

*

ता. १० मार्च

चि. थोरलीस,
सलाम व अ. आ.

चौथा बल्ब आणू नकोस. टाचणी तुझ्याशी बोलायला येईल. बसून ऐक. झाकण आपटू नकोस, त्या मशीननं तुझं काही बिघडवलेलं नाही. तुझ्या मनात जे साठलंय तेही तिलाच सांग, मला नको. तिला आईविना पोर म्हणून काचेच्या कपाटात ठेवू नकोस. ज्याला आपण कधीच रागवत नाही तो आपल्याकडे पाहुणा असतो, घरचा नव्हे.

माझी माया पातळ झालेली नाही, शब्द मात्र जाडेभरडेच आहेत, सांभाळून घे.
तुझी,
आई

*

ता. १७ मार्च

ती. आजीस,
टाचणीचा सप्रेम सलाम. वि. वि.

बोलले! तू सांगितलं तस्संच केलं. दार लावलं, तर मावशी म्हणाली, कोण गेलं? मी समोर स्टुलावर बसले आणि एका दमात सांगून टाकलं की तुला दिसत नाहीये. तिनं झाकण आपटलंच. म्हणाली, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी शिवते. तावातावानं सुई घेतली, दोरा ओवला आणि माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, बघ. मी बघितलं. दोरा सुईच्या शेजारून जाऊन तिच्याच बाहीत अडकला होता. मी तिचं बोट धरलं आणि त्यावरून फिरवलं.

मला पळावंसं वाटत होतं, आजी. स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. शेवटी तिनं बारीक आवाजात विचारलं, की मग माझी शिवण उसवतं कोण? म्हटलं, मी. आणि माझी शिवण कोण उसवतं? ती म्हणाली, मी! पहाटे! आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि आधी तीच हसली. हसता हसता खुर्चीवरून घसरली. एकच झगा, मी संध्याकाळी शिवते, ती पहाटे उसवते. कापडही कंटाळलं असेल.

त्यानंतर ती रडली. म्हणाली, इतके दिवस मागून मला सावरत होतीस, एकदा समोर येऊन हात का नाही धरलास? कारखान्याचंही मी सांगून टाकलं. तिनं नाही म्हटलं नाही, फक्त विचारलं की तुला जावंसं वाटतं की पळावंसं?

आणि मग बाईसाहेबांची पाळी! म्हणाली, आता ऐक, तू दोरा फार ओढतेस, म्हणून तुझी शिवण चुण्या घेते. कधी बोलले नाही कारण तुला लागेल म्हणून. लागलंच. मी जेवणापर्यंत फुगून बसले. जेवणानंतर तिच्याकडून नीट शिकून घेतलं.

डॉक्टरांनी मोतीबिंदूच सांगितला, पुढच्या आठवड्यात काढणार. गायनवृंदाच्या मास्तरांना आम्ही दोघींनी जाऊन खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, झगे नंतर द्या, गळे कुठं झग्यात असतात?

लोभ नेहमीचा, आज थोडा जास्त.
तुझी,
टाचणी

*

ता. ९ एप्रिल

ती. आईस,
थोरलीचा सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र मी स्वतःच्या डोळ्यांनी ओळीत लिहिते आहे, बघ. दुकानात तीन बल्ब काय भगभगतात! दोन काढून टाकले. कोपऱ्यात इतकी धूळ की लाज वाटली. मी वाकड्या घातलेल्या टिपाही बघितल्या. टाचणीनं पुरावा म्हणून एक बाही जपून ठेवली होती, कार्टी!

टाचणी हसली की गालावर तिच्या आईसारखीच खळी पडते. ही केव्हापासून? मला दिसलीच नव्हती. ती राहते आहे. कारखान्याला तिनंच कळवलं. म्हणाली, पळायचं कारण उरलं नाही आणि जायचं कारण नव्हतंच.

आम्ही दोघी रविवारी तुझ्याकडे येतो. उपासनेला तुझ्याशेजारी बसू. नंतर तुझ्याशी थोडं बोलायचंय. दार लावून, बसून. हातात कात्री नसेल.

तुझ्या मायेवर भरवसा ठेवून येतो आहोत.
तुझी,
थोरली

*

ता. ३० एप्रिल

चि. थोरली आणि चि. टाचणीस,
सलाम व अ. आ.

तुम्ही दोघी माझ्याच खोलीत, माझंच दार लावून, माझ्याच खुर्च्यांवर बसून सांगून गेलात की मला ऐकू येत नाही. वर आणखी, मी देवळात जे कुजबुजते ते शेवटच्या बाकापर्यंत जातं! मी चहाच्या किटलीचं झाकण आपटलं, ते दुभंगलं. जा म्हटलं तरी तुम्ही उठला नाहीत. कुणी शिकवलं हे तुम्हाला?

तुम्ही गेल्यावर नर्सबाईला गाठलं. तिनं खाली मान घालून सांगितलं की हो आजी, सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बाकावरचे लोक म्हणे पुढे येऊन बसायला लागले, काही चुकू नये म्हणून. आणि तिला थंडी कधीच वाजत नव्हती. इतकी चांगली बाई, पण एकदाही बोलली नाही. तिला मी तिथल्या तिथं फैलावर घेतलं. मग तिनंच माझ्याबरोबर येऊन कानाचं यंत्र बसवून आणलं.

कुसळ-मुसळाचं वचन मला तोंडपाठ आहे. पण मुसळ कानातही असू शकतं, हे सांगायला लेक आणि नात लागली. दोन दिवस मला राग होता. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर पक्षी ओरडत होता. तो रोजच ओरडतो म्हणे.

रविवारी यंत्र लावून उपदेश ऐकला. माणूस पुटपुटत नाही, बरं का. चांगलं बोलतो. शेजारणीच्या कानात काही म्हटलं ते या वेळी खरोखर तिच्याच कानात गेलं. आणि झालं काय, पाळकबुवा बोलतच राहिले! मधूनमधून माझ्याकडे आशेनं बघत होते. नंतर दारात भेटले तेव्हा म्हणाले की आजीबाई, तुमच्यावाचून थांबायचं कुठं ते कळेना. मी त्यांना बाजूला घेतलं, बाकावर बसवलं, आणि दोघंच असताना त्यांच्या तोंडावर सांगितलं कुठं थांबायचं ते. हसले, आणि लिहून घेतलं.

नवी किटली येताना आणा. तुम्हीच फोडायला लावलीत. आणि असंच येत जा, दार लावून, बसून. घरच्यांसारखं.

लोभ होताच, आता तो ऐकूही येतो.
तुमची,
आई आणि आजी

ता. क. फोन करत जा. पुटपुटलात तरी चालेल.