ढाल देतानाचा फोटो का नाही

धंतोली, नागपूर
दि. १८ जानेवारी १९७३

सौ. कुसुमताई यांस,
अनुसयेचा सप्रेम नमस्कार.

तू ढाल देतानाचा फोटो मागितला आहेस. तो नाही. एवढे कळवायला एक कार्ड पुरले असते; पण तुमचा चपराशी काल तिसऱ्यांदा फाटकाशी येऊन "बाईसाहेबांनी विचारलं आहे" असे सांगून गेला, आणि शेजारच्या प्रेमलताबाईंनी तो कोर्टातला माणूस आहे हे ओळखून आमच्यावर कसली केस झाली याची चौकशी केली. तेव्हा फोटो का नाही हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

(मायन्यात तुला 'ताई' लावले आहे. सत्र न्यायाधीशांच्या पत्नीला वर तरी मान द्यावा लागतो. आत मात्र मी तुला वसतिगृहात म्हणत होते तेच म्हणणार.) जज्जसाहेबांची सर्दी एव्हाना गेली असेल. रविवारी त्यांना ती झाली नसती तर अध्यक्षांच्या खुर्चीत ते बसले असते आणि मला हे पत्र लिहावे लागले नसते, पण सर्दीवर कोणाचा इलाज आहे. तुझा गुडघा दुखतो असे तू दिवाळीत म्हणाली होतीस. मैदानावर तो दुखताना दिसला नाही. माझा दुखतो. बाकी इकडे सर्व क्षेम. संक्रांत होऊन चारच दिवस झाले आहेत आणि रथसप्तमीपर्यंत गोड बोलायचे असते, त्या मर्यादेत राहून पुढचे लिहिते आहे. वाचताना हे ध्यानात असू दे.

आमचे हे, म्हणजे गोपाळराव, ज्यांना तू आता जवळजवळ माझ्याइतकेच ओळखतेस, बांधकाम खात्यात हेडक्लार्क आहेत असे सरकार समजते. खरे म्हणजे ते विणकर क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी आहेत आणि उरलेल्या वेळात कचेरीत जातात. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली. या काळात हे फुटबॉलविषयी नत्थूजींशी बोलले (नत्थूजी म्हणजे मंडळाचे मैदान राखणारे, चुन्याच्या रेघा मारणारे, चेंडूत हवा भरणारे गृहस्थ), दूधवाल्याशी बोलले, एकदा तर मयताला गेले असता तिथे बोलले. माझ्याशी बोलले नाहीत. मी काही विचारले की, "तुह्या कामाचं नाई वं ते," इतकेच उत्तर. सामन्याचा निकाल मला ताटावरून कळतो. जिंकले तर चार पोळ्या, बरोबरीत सुटले तर दोन, हरले तर ताकभात. मी बी.ए. झालेली बाई आहे, पण सव्वीस वर्षे फुटबॉल मी पोळ्यांतच मोजला. त्याची मला सवय झाली होती आणि तक्रारही नव्हती. हे असेच बोलत नाहीत, अशी माझी समजूत होती.

यंदा कै. मारोतराव धकाते ढालीच्या अंतिम सामन्यात मंडळाची गाठ कामठीच्या संघाशी पडली. कामठीवाल्यांनी आम्हाला इतक्या वेळा हरवले आहे की त्यांचे नाव निघाले की मी ताक घुसळायला घेते. ढाल द्यायला कोणी मोठा माणूस हवा होता. "सत्र न्यायाधीश नवीन बदलून आलेत, त्यांची बायको माझी वसतिगृहातली मैत्रीण," हे मी सांगितले. मीच सांगितले. याबद्दल दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

संक्रांतीच्या सकाळी मी संत्री सोलत बसले होते. मध्यंतरात खेळाडूंना संत्र्याच्या फोडी द्यायच्या असतात आणि मंडळाची संत्री आमच्याच घरी सोलली जातात. शिरा काढून, बिया काढून, ओल्या फडक्याखाली टोपलीत. इतक्यात नत्थूजी गळ्यात कॅमेरा अडकवून आले. फोटोवाला ईश्वरदास, वय वर्षे पंचेचाळीस, चार मुलांचा बाप, सकाळी पतंग काटताना गच्चीवरून घसरला होता आणि त्याच्या पायाला फळ्या बांधल्या होत्या. कॅमेरा विलायती, महाग. मंडळाच्या पोरांच्या हाती द्यायचा नाही, अशी त्याची अट. मग कोणाच्या हाती द्यावा यावर कमिटीने विचार केला आणि सगळ्या घरांत मिळून बी.ए. झालेले माणूस एकच आहे, असा निष्कर्ष काढला. मी नत्थूजींना म्हटले की मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले आणि मुलींना मराठी शिकवते, यात कॅमेरा कुठे येतो. ते म्हणाले, "काहून नाई जमत बाई? शिकेल माणसाले काय, दाबलं का निंगते."

हा कॅमेरा दोन डोळ्यांचा होता, एकावर एक. ईश्वरदासचा निरोप नत्थूजींनी उभ्याउभ्याच सांगितला. "डोयाले लावून नाई पाहाचा. पोटाले टेकवाचा अन् वरतून डोकवाचं, विहिरीत पाहातो तसं. दिसलं का दाबाचं. बाराच फोटो हायेत, जपून." मला एका बाजूच्या कोपऱ्यावर, झेंड्यापाशी उभे केले. कामठीचा गोल माझ्या उजव्या हाताला. डाव्या हाताला, मैदानाच्या कडेने, पाहुण्यांचा मांडव. मांडवात तू.

तू काळी चंद्रकळा नेसून आली होतीस. संक्रांतीला काळे नेसतात हे मलाही माहीत आहे. पण मला चुन्याच्या रेघांत उभे राहायचे होते म्हणून मी धुवट पातळ नेसले. तुला काही नेसले तरी शोभते, हे मला वसतिगृहापासून ठाऊक आहे. (माझ्या वडिलांनी उमरेडला स्वतःच्या मागावर विणून पाठवलेले जांभळे पातळ तू स्नेहसंमेलनाला मागून नेलेस आणि सगळ्या मुली म्हणाल्या की ते कुसुमसाठीच विणले आहे. मी ते पुन्हा नेसले नाही. फोटोशी याचा संबंध नाही, सहज आठवले.)

सामना सुरू झाला. मी विहिरीत डोकावले. काचेत मैदान छान दिसत होते, जरा अंधारलेले. आमच्या पोरांनी चेंडू नेला की तो काचेत सरसर पळू लागे. मी त्याच्यामागून कॅमेरा वळवी. चेंडू नाहीसा होई आणि मांडव येई. लोक ओरडले की मी दाबे. पुन्हा चेंडू, पुन्हा मांडव. माझ्या मागे लोक दोरीला टेकून उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "अवं माय, मॅच तिकडं चालू हाये." त्यावर दुसरा म्हणाला, "राहू दे गा. बाई मालकावर नजर ठेवून राह्यल्या." सगळे हसले. हे कोण बोलले ते मी वळून पाहिले नाही. त्या दिवशी मी वळले असते तर भलतीकडेच वळले असते.

मध्यंतरात फोडींची टोपली घ्यायला मांडवात आले. तेव्हा काय चालले होते ते तुला माहीत आहे. पण मला काय दिसले ते लिहिते. टेबलावर, पांढऱ्या चादरीवर, माझ्या संत्र्यांच्या फोडी दोन रांगांत मांडलेल्या होत्या. एक सुपारी इकडून तिकडे फिरत होती. ती चेंडू. हे खुर्चीच्या अगदी कडेला बसून, बोट वर करून तुला ऑफसाइड समजावून सांगत होते. शांतपणे. पुन्हा पुन्हा. "आता पाहा कुसुमताई, ही फोड इथं असताना पास झाला, तं?" आणि तू म्हणालीस, "तर ऑफसाइड." यांचा चेहरा असा झाला की आमचा मुलगा मॅट्रिक झाला तेव्हाही तसा झाला नव्हता. मग तू मला पाहिलेस आणि म्हणालीस, "अगं अनुसया, किती सोपं आहे हे. तुला इतक्या वर्षांत कळलं नाही?" एवढे बोलून ऑफसाइडमध्ये सापडलेली फोड उचललीस आणि खाल्लीस.

ती फोड अकरा खेळाडूंपैकी एकाची होती. पण ते असो.

मी टोपली घेऊन गेले. उत्तरार्धात आमच्या पोरांनी गोल केला. तो कसा झाला ते विचारू नकोस, मी तेव्हा मांडवाचा फोटो काढत होते. लोक मैदानात घुसले, नत्थूजी चुन्याच्या डब्यासकट नाचले, कामठीवाले पंचांशी भांडले, यांना पोरांनी खांद्यावर घेतले. तू उठून ढाल दिलीस. मी कॅमेरा पोटाशी धरून अगदी समोर उभी होते, तू माझ्याकडे पाहून हसलीसही. मी दाबले. आत काही उरले नव्हते. तुझा ढाल देतानाचा फोटो नसण्याचे कारण हे. बारा फोटो आधीच तुझ्यावर संपले होते.

सोमवारी ईश्वरदासने फोटो धुतले आणि पायाच्या फळ्यांसकट रिक्षाने स्वतः घेऊन आला. असे फोटो घेऊन येणारा माणूस कसे बघेल तसे बघत होता. "यात डावं ते उजवं दिसते बाई. उजवं ते डावं. नत्थूजीले सांगाचं राह्यलं." मी फोटो पाहिले. पाठवले आहेत, तूही पाहा. चेंडू एकातही नाही. एकात कुत्रे आहे, ते सर्वांत स्पष्ट आले आहे. बाकी तू आणि हे. यांचे बोट वर. तुझी मान कलती. दोघांच्या मध्ये सुपारी. एकात तुम्ही दोघे हसता आहात आणि मागे उभा असलेला शिपाईसुद्धा हसतो आहे. तुझा फोटो कधी वाईट येत नाही. मी ते टेबलावर एका रांगेत मांडले, यांच्या येण्याच्या वाटेत, आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. काय बोलायचे ते ठरवून ठेवले होते. शुद्ध, व्याकरणशुद्ध मराठीत.

हे आले. बूट न काढता टेबलापाशी उभे राहिले. मग फोटो हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "काहून वं, सारे माहेच काढले?"

मी म्हटले, "काढले."

"अन् गोल झाला तवाही माहाच काढला?"

मी म्हटले, "दिसतंच आहे."

कुसुम, यांना त्या फोटोंत तू दिसलीच नाहीस. ढालीच्या अंतिम सामन्यात, सगळे मैदान चेंडूकडे पाहात असताना, बायको आपल्याकडेच पाहात होती, एवढेच यांना दिसले. ठरवलेली वाक्ये तशीच राहिली. यांनी पाच पोळ्या खाल्ल्या. सामना नसलेल्या दिवशी पाच पोळ्या मी या घरात कधी पाहिल्या नव्हत्या. हात धुताना पाठमोरेच म्हणाले, "रविवारी कामठीले मॅच हाये. चालतं का वं?" मी म्हटले, पाहीन. तेव्हापासून कचेरीत, मंडळात, दूधवाल्याला फोटो दाखवत फिरत होते. कालच परत मिळाले, म्हणून तुला पाठवायला उशीर झाला. कडांना बोटांचे डाग दिसतील ते यांचे.

असा सगळा प्रकार आहे. मंडळाच्या भिंतीवर लावायला गोलाचा फोटो नाही, तुझ्या अल्बमला ढालीचा फोटो नाही. कमिटीने मला पुन्हा कॅमेरा द्यायचा नाही असा ठराव केला आहे आणि तो यांच्याच अक्षरात आहे. जज्जसाहेबांस नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लाव.

तुझी,
अनुसया

ता. क. ऑफसाइड म्हणजे नेमके काय ते सविस्तर लिहून पाठव. आकृती काढलीस तर बरे. शनिवारपर्यंत मिळाले पाहिजे. यांना विचारणार नाही. रविवारी यांच्या शेजारी बसून, यांनी काही सांगायच्या आत, मला एकदा "ऑफसाइड" म्हणायचे आहे. तुला एकदाच सांगून समजले, तेव्हा मलाही समजेल. नाही समजले तर चपराशाला चौथ्यांदा पाठव, मी प्रश्न लिहून देईन.

पुन्हा ता. क. वर सगळा दोष काचेवर घातला आहे. मध्यंतरानंतर कोपऱ्यावर परत जाऊन काचेत पाहिले तेव्हा तू डाव्या हाताने फोडी खाताना दिसलीस. तू डावखुरी नाहीस. वसतिगृहात माझ्या डब्यातले लाडू तू उजव्याच हाताने खायचीस. त्यावरून काच उलटे दाखवते हे मला तेव्हाच समजले होते. पुढचे सगळे फोटो मी नीट पाहून काढलेले आहेत. हे यांना कळता कामा नये.

सोबत नत्थूजींच्या हाती दिले, ते मोजून घेऊन त्यांच्याजवळ पोच द्यावी:
फोटो अकरा, कुत्र्याच्या फोटोसह.
तिळाच्या वड्या, पितळी डब्यात. डबा परत करणे.
तुझा रुमाल, मांडवात राहिलेला, धुऊन.
बारावा फोटो दिलेला नाही. तू ढाल द्यायला उठून गेल्यावर हे समोर, माझ्याकडे पाहात होते, तेव्हाचा आहे. त्यात तू नाहीस.