काकूंच्या चहाचं आधण

सत्यजित,

तुझ्या सापाने आजही तोंड फिरवलं. लाटसाहेबांना कोमटच लागतो, म्हणून फ्रीझरमधला उंदीर गरम पाण्यात सोडला. पिशवीत घालायला विसरलो आणि घाईत भांडंही चहाचंच घेतलं. मी खोलीत चिमट्याने उंदीर धरून सापाची मनधरणी करत होतो, तेवढ्यात काकूंनी त्याच पाण्यात चहा टाकला. बाहेर आलो तर कप रिकामा! "पोटच्या पोराला सुचलं नाही, तू माझ्यासाठी आधण ठेवलंस," म्हणाल्या. मी मान खाली घालून हसलो. आज त्यांचा सोमवार आहे रे.

त्यांचं पोट बिघडलं तर लगेच डॉक्टरकडे ने. खरं तूच सांग, माझी जीभ रेटत नाही. मी आज रात्री घरी न येता तिकडे गार्चिंगच्या लॅबमध्येच झोपतो. संध्याकाळचं आधणही मीच ठेवायचं आहे म्हणे.

रुपेश