चंद्राच्या चेहऱ्यावरची सावली

शुक्रवार, २ मार्च
लेकीच्या कॉलेजात आकाशदर्शन मंडळाचं प्रदर्शन आहे. तिला चंद्रग्रहणाचा फोटो हवाय. ओळखीचा कोणी चांगला फोटोग्राफर आहे का, असं तिने विचारलं. मला विचारलं. बावीस वर्षं पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ चालवणाऱ्या बापाला. म्हटलं, मीच काढतो. तिने आईकडे बघितलं. आईने नळ मोठा सोडला.
ठरलं. या एका फोटोनंतर घरात माझी किंमत वाढणार.

रविवार, ४ मार्च
तयारी जोरात. चंद्र म्हणजे तरी काय, एक गोल चेहरा. शिंकत नाही, डोळे मिटत नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राची मोठी लेन्स आणली. गच्चीवर सराव केला. पाण्याच्या टाकीचे फोटो उत्तम.

बुधवार, ७ मार्च. ग्रहण.
संध्या. ६.५० : ढग.
७.१० : ढग. हिने विचारलं, खाली येताय का. लेन्स पुसत बसलो.
७.३५ : चंद्र दिसला. सवयीने फ्लॅश उडाला. समोरच्या इमारतीतले गृहस्थ खिडकीत येऊन माझ्याकडे बघून गेले.
७.५० : चंद्र सरकतो. हे कोणी सांगितलं नव्हतं.
८.०५ : एकशे चाळीस फोटो, सगळे उकडलेल्या बटाट्यासारखे. रडू आलं. खरंच आलं.
८.२० : जमला. अर्ध्यावर सावली, कड तांबूस. लेकीला दाखवला. तिने मोठा करून बघितला. मग म्हणाली, "बाबा, हा तू काढलास?"
आता मेलो तरी चालेल.

गुरुवार, ८ मार्च
स. १०.०० : फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतला. तेवढ्यात अर्जंट फोटोवाले एक काका आले. कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे फोटो पुसून त्यांना बसवलं. नवं गिऱ्हाईक आलं की कार्ड पुसायचं, हा आमचा नियम. त्यांचं टचिंग केलं, त्याच तंद्रीत चंद्राचं घेतलं. हात आपोआप चालतो. डाग काढले. चेहऱ्यावरची सावली काढली, सावली असली की अर्ज परत येतो. मागची बाजू पांढरी केली. सेव्ह.
पांढऱ्यावर पांढरा गोल.
११.३० : कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला, जुन्यावरच सेव्ह केलंत, कार्डावरही नवे फोटो भरलेत, आता काही होणार नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने पाणी दिलं.
दु. २.०० : तसं बघितलं तर इतक्या सफाईने सावली काढणं येरागबाळ्याचं काम नाही. लेकीला हेच समजावून सांगेन.
रा. ८.०० : समजावलं. "बाबा, तू ग्रहणच काढून टाकलंस?" एवढंच म्हणाली. जेवली नाही. मीही नाही.

शनिवार, १० मार्च
प्रदर्शन. भिंतीवरची जागा ठरलेली होती, म्हणून फोटो लावला. खाली तिच्याच अक्षरात : 'चंद्रग्रहण (ग्रहण वगळून)'. एका बाईंनी विचारलं, ही बशी आहे का? वेगळ्या शैलीचं काम आहे, असं सांगायचं घरून ठरवून आलो होतो. फ्रेम सरळ करत बसलो.
वाटलं, लेक ओळख दाखवणार नाही. पण हात धरून मंडळाच्या सरांकडे घेऊन गेली. म्हणाली, "सर, हे माझे बाबा. पासपोर्टचे फोटो फार छान काढतात."
सरांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातील का.
जातील म्हणालो. सोमवारी साडेदहाला येतायत.