दोन इज्न

अबू हलीफा, कुवेत

प्रिय हुस्ना,

ज्याच्या नकळत झाडाचे पानही गळत नाही, त्या दयावंताचे नाव घेऊन लेखणी उचलतो. बाळ, फोनवर तू रोज विचारतेस, ‘अब्बा, तिकीट काढलंत का?’ आणि मी इथल्या उकाड्याचे बोलत राहतो. आज तसे करणार नाही.

सत्तावीस वर्षे या दुकानाचे गोदाम मी सांभाळले. सुट्टीला निघताना मालकांना सलाम केला, की थेट विमानतळ. आता नवा नियम आला आहे : खाजगी नोकरीतल्या परदेशी माणसाने देशाबाहेर जाण्यापूर्वी मालकाची मंजुरी घ्यायची. त्या परवान्याला इथे ‘इज्न’ म्हणतात. शब्द वाचून मी चपापलो. निकाहापूर्वी बाप लेकीपाशी जाऊन जो होकार मागतो, तोही इज्नच. दुकानाच्या रजाअर्जात मी भाबडेपणाने कारण लिहिले, ‘लेकीचा इज्न घेण्यासाठी.’ ऑफिसातला ओवैस पोट धरून हसला, ‘चाचा, इज्न लेने के लिए इज्न!’ मग त्यानेच ते खोडून ‘वार्षिक रजा’ लिहिले.

त्याला एकोणीस दिवस झाले. मालक नाही म्हणत नाहीत. भेटले की माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. आपल्या शास्त्रात लाजऱ्या वधूचे मौन होकार मानले आहे. या अर्जात मात्र मालकांचे मौन म्हणजे नकार. सरकारकडे तक्रार करण्याची सोय आहे. पण पुढच्या महिन्यात माझा इकामा, इथे राहण्याचा परवाना, नव्याने व्हायचा आहे आणि त्यालाही त्यांचीच सही लागते. तुझ्या भावाच्या, यासिरच्या शिक्षणाची अजून दोन वर्षे उरली आहेत. मी तक्रार केली नाही. आयुष्यभर इतरांना सबुरी शिकवली. सबुरी आणि भीती यांचे चेहरे इतके सारखे असतात, हे आता कळले.

शुक्रवारी तुझ्या निकाहाला मी पोहोचत नाही. म्हणून हे पत्र. यापुढच्या ओळी नझीरचाचा मजलिशीत, दोन साक्षीदारांसमोर वाचतील. मी झहूर, हुस्नाचा बाप आणि वली म्हणजे पालक, माझा धाकटा भाऊ नझीर याला या निकाहापुरता माझा वकील, माझा प्रतिनिधी नेमतो. माझ्या वतीने तो तुझ्याकडे इज्न मागेल. बाळ, तेव्हा रीत म्हणून गप्प राहू नकोस. होय असो वा नाही, मोठ्याने सांग. तुझ्या मौनाचा अर्थ दुसऱ्या कोणी लावू नये.

जे हे वाचतील, जे ऐकतील, त्या सर्वांना अल्लाह आपापल्या उंबरठ्यावर सुखरूप पोहोचवो.

तुझाच,
अब्बा