पूर्ण दिवसाचं काम सांगून आले
मंगळवार, दर्यापूर

आज तहसीलमध्ये जाऊन सांगितलंच. शिवणकामाच्या दुकानात मी आता अर्धा नाही, पूर्ण दिवस बसते. अपंगांचा सरकारी पगार, म्हणजे महिन्याची मदत, मिळतो, त्याच्या कागदात हे लिहून घ्या, म्हटलं. तिथले बाबू बघतच राहिले. "तुले कोणी विचारलं काय? काहून सांगून राहिली?"

"काम वाढलं म्हणून. पाय तसाच आहे."

पगार बंद होऊ शकतो, म्हणाले. भीती वाटली का? थोडी. पण पूर्ण दिवस! मोठ्यानं सांगताना छान वाटलं.

अम्मी सकाळपासून चिडलेली. "यंदा कपाशी गेली, अन् तू हातचा पगार बी सोडते?" संध्याकाळी मात्र तिनंच विचारलं, "मंग आता दुपारचा डबा बी लागन ना तुले?"