डावीकडं न वळणारी मान

सोमवार, ३ नोव्हेंबर
मला न विचारता सून मंगल माझ्या नातवाला मलकापूरच्या डॉक्टरणीला दाखवून आली. निम्म्या गावाची पोरं माझ्या तेलाच्या हाताखाली मोठी झाली, आन् घरचंच पोर परक्या हातात! राजवर्धन पाच महिन्यांचा. मान कायम उजवीकडं. मंगल म्हणती, "आवं आत्या, तुमी लय रगडता. त्यानंच मान धरली असंल." म्हंजे खोट माझ्या हातात. शेजारच्या धोंडुबाईनं दारातनं ऐकलं. आता गावभर होणार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आज मी पण गेले. गुडघे दुखतात, तोंड शाबूत हाय. डॉक्टरीण ऑस्टिओपॅथ हाय म्हणं — सुई न्हाई, औषध न्हाई, नुसत्या हातानं उपचार. पोराच्या मानंखाली दोन बोटं ठेवली आन् गप बसली. मी विचारलं, "बाई, सुरू कवा करणार?"
"आजी, चालूच आहे."
मी हसले. तवर पोर झोपलं. माझ्या हाताखाली ते एकदा तरी झोपलंय का? किंचाळतंय नुसतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
कुणी नसताना तशीच बोटं ठेवून बघितली. गप ऱ्हाईनात. न रगडता बसणं म्हंजे मला न बोलता बसल्यागत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
माझी पण मान आखडलीय. डॉक्टरणीला खोटं पाडायचं म्हणून मीच टेबलावर आडवी झाले. उठवलं तवा मंगल तोंडाला पदर लावून हसत हुती. घोरणं बाहेरच्या बाकड्यापतुर गेलं म्हणं.
पोराची मान जरा सैल झालीय. धोंडुबाईला सांगितलं, गुण माझ्याच तेलाचा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
डॉक्टरणीनं सांगितलंय, डाव्या बाजूला बसून पोराला बोलवा. बोलायचं काम मला शिकवतीय! पाठीमागनं, डावीकडनं, दिवसभर बडबडले. घसा बसला. पोर उजवीकडंच वळतंय.
मंगल म्हणाली, "तुमचा आवाज ऐकून कोण वळंल, आत्या?"
तिला चार शब्द सुनावले. मनातनं पटलं हुतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर
डॉक्टरणीनं लाल चेंडू दाखवला. मान डावीकडं गेली, पार खांद्यापतुर. मग चेंडू लपवून डाव्या कानामागं खुळखुळा वाजवला. पोर उजवीकडं वळलं. परत वाजवला. परत उजवीकडं.
"मान मोकळी आहे. सांगलीला डावा कान तपासून घ्या."
एसटीत पोराला मी मांडीवर घेतलं. मानंखाली दोन बोटं ठेवली, गाव येईपतुर हलवली न्हाईत.
आज पोराच्या बापाचा, सयाजीचा, लष्करातनं फोन येणार. मीच उचलणार, कानाचं मीच सांगणार. मंगलनं हात लावायचा न्हाई.