चौऱ्याऐंशीवं पान

कोपरी, ठाणे
३ ऑगस्ट १९५३

चि. सौ. नीला हिस अनेक आशीर्वाद.

तू डोंबिवलीची झाल्यापासून बापाला पत्र लिहायला महिना लावतेस. तुझ्या आईने लोणच्याची बरणी पाठवली आहे.

आता कामाचे. २३ तारखेच्या सभेत मी ठराव मांडणार आहे, की भा. वा. टेंभेकरांच्या कादंबऱ्या आपल्या वाचनालयातून काढाव्यात. हा गृहस्थ वर्षाला चार कादंबऱ्या पाडतो आणि प्रत्येकीत एक बाई घर सोडते. आता म्हणे आपल्या मिठागरांवर लिहितो आहे! मोतीबिंदूमुळे मला छापील अक्षर लागत नाही. तेव्हा त्याची दोन पुस्तके वाचून आक्षेपार्ह पानांचे आकडे कळव. जावईबापूंना आशीर्वाद.

बाबा

डोंबिवली
१४ ऑगस्ट १९५३

ती. बाबांस सा. न. वि. वि.

लोणचं पोचलं. ह्यांनी चार दिवसांत बरणीचा तळ दाखवला.

आकडे मात्र कळवणार नाही. टेंभेकर आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि गेले आठ महिने मी लिहून घेते. ह्यांना ठाऊक आहे. तुम्हालाच सांगायचा धीर होत नव्हता. मिठागरावरची कादंबरी माझ्या हातची आहे. हे काम मला आवडतं आणि मी ते सोडणार नाही. पण ज्या वाचनालयात तुमचं बोट धरून गेले, तिथे हेच पुस्तक येणार नाही, याचं फार वाईट वाटतं.

त्यांच्या परवानगीने पहिली नव्वद पानं ठळक अक्षरात उतरवून पाठवते आहे. आठवडा त्यातच गेला. आधी वाचा, मग खुशाल मला त्या पुस्तकांसकट बाहेर काढा.

तुमची हट्टी
नीला

कोपरी
१९ ऑगस्ट १९५३

चि. सौ. नीला हिस आशीर्वाद.

पहिल्या दिवशी रागाने पुडके उघडलेच नाही. दुसऱ्या दिवशी केवळ अक्षर पाहायला उघडले. अक्षर बिघडलेले नाही. तुझ्या टेंभेकरांना सांग, श्रावणात मीठ पिकत नाही. तेराव्या पानावर त्यांनी पिकवले आहे. बाकी सखू ही मुलगी मला आवडली, हे कबूल करतो.

परंतु पान चौऱ्याऐंशी! सखूचा बाप तिच्या शाळेच्या अर्जाची घडी करून कपाटाच्या डगमगत्या पायाखाली घालतो. तुझा कॉलेजचा अर्ज मी असाच घातला होता. आज वाकून पाहिले, अजून तिथेच आहे. घरातली गोष्ट तू परक्याला सांगितलीस? याचे उत्तर सभेपूर्वी हवे.

बाबा

डोंबिवली
२१ ऑगस्ट १९५३

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. सखूचा बाप कसा माणूस आहे, इथे टेंभेकर दोन दिवस अडून बसले. शेवटी म्हणाले, नीलाबाई, हे पान तुम्हीच लिहा. मी लिहिलं. त्यांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. उलट विचारलं, की तुमची स्वतःची कादंबरी कधी सुरू करताय.

सात वर्षं तुमचा राग धरला होता, बाबा. लिहिताना कळलं, की सखूला अक्षर गिरवायला शिकवलं तेही याच बापाने. तेही पुढच्या पानावर लिहिलं आहे. चौऱ्याऐंशीवं पान मात्र मी गाळणार नाही. तुमचा ठराव पास झाला तरीही नाही.

नमस्कार पायांशी पोचावा.

नीला

कोपरी
२४ ऑगस्ट १९५३

चि. नीला हिस अनेक आशीर्वाद.

सभा झाली. ठराव मी मागे घेतला. मास्तरांना म्हातारचळ लागला, असे माझ्याविषयी मागच्या बाकावरून कोणी म्हणाले. मग मी नव्या कादंबरीच्या दोन प्रती घ्याव्यात असा ठराव मांडला, तो हसत हसत पास झाला. एक्याण्णवपासूनची पाने धाड. सखूला मिठागर मिळते की नाही, हे तुझी आई रोज विचारते, आणि ती विचारते म्हणून मीही. तुझ्या कादंबरीला कागद लागतील तेवढे मी पुरवीन.

कपाट उचलून अर्ज काढला. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, तुझे नाव शाबूत आहे. सोबत पाठवतो. मी चुकलो, पोरी.

कपाट आता पुन्हा डगमगते. तुझी आई पायाखाली काहीतरी घाला म्हणते. मी म्हटले, राहू दे तसेच.

तुझा
बाबा